साओ तोमे ग्रोसबीक: ‘अतिसंकटग्रस्त’ हा शब्द नेमकं काय सांगतो

नाशिकच्या एका प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मला एका दमात तीन प्रश्न विचारले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या साओ तोमे बेटावरचा ग्रोसबीक हा फिंच ‘आययूसीएन’ या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, पण तो कुणाला धड दिसतच नाही, मग त्याचा आकडा आला कुठून? जो पक्षी शंभर वर्षं सापडला नव्हता, त्याला नामशेष धरून तो पैसा आणि वेळ दुसऱ्या पक्ष्यांना का देऊ नये? आणि हा शेवटी कॅनरीच असेल, तर पिंजऱ्यात त्याची पैदास का करत नाहीत?

मी बावीस वर्षं पक्षीगणनेचं काम करते, बहुतेक सातपुड्यात आणि सह्याद्रीत. साओ तोमेला एकदाच गेले, तीन आठवड्यांसाठी, आणि ग्रोसबीक मला दिसला नाही. हे आधीच सांगते, कारण या उत्तराचा बराच भाग त्या न दिसण्याबद्दल आहे.

आधी पक्षी ओळखून घेऊ. लांबी साधारण 18 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या बुलबुलापेक्षा जरा कमी, पण अंगाने भरलेला. सगळा तांबूस तपकिरी, कुठे पट्टा नाही की ठिपका नाही. डोकं मोठं, आणि चोच इतकी जाड की चेहऱ्यात दुसरं काही नजरेत भरत नाही. लिस्बनच्या संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ बार्बोझा दु बोकाझ यांनी 1888 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नमुने फ्रान्सिस्को न्यूटन या संग्राहकाने बेटावरून पाठवले होते. चोच पाहून बोकाझ यांनी त्याला सुगरणींच्या कुळात, जाडचोच सुगरणीच्या शेजारी बसवलं. पुढे तो कुठेच नीट बसेना म्हणून त्याच्यासाठी निओस्पायझा ही वेगळी प्रजाती केली गेली, आणि शतकभर तो तिथे एकटा राहिला. 2017 मध्ये डीएनएच्या अभ्यासाने निकाल लागला: हा क्रिथाग्रा या आफ्रिकी कॅनरींच्या गटातला आहे, त्याचा सर्वांत जवळचा नातलग त्याच बेटांवरचा प्रिन्सिपे सीडईटर आहे, आणि जगातली सर्वांत मोठी कॅनरी हीच. वजनात खालच्या क्रमांकाच्या कॅनरीच्या जवळपास दीडपट.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मराठीत आपण ती सर्रास चुकवतो. मुनिया हे खरे फिंच नाहीत, त्यांचं कुळ वेगळं. सुगरणीचंही वेगळं. जाड चोच हा धंद्याचा पुरावा आहे, नात्याचा नाही. बिया आणि टणक फळं फोडून खाणाऱ्या कुठल्याही पक्ष्याची चोच पिढ्यान्‌पिढ्या तशीच होत जाते. बोकाझ यांची गफलत तिथेच झाली, आणि हातात वाळवलेलं कातडं सोडून काहीच नसताना दुसऱ्या कुणाचीही तीच झाली असती.

साओ तोमेवर आकाराने वाढलेला हा एकटाच नाही. जगातला सर्वांत मोठा शिंजीर तिथला, सर्वांत मोठी सुगरणही तिथलीच. एवढं सगळं घडलं ते मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढा भूभाग होतो त्याच्या जेमतेम दीडपट जमिनीवर, सुमारे 857 चौरस किलोमीटरमध्ये. गॅबॉनचा किनारा तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. विषुववृत्त बेटाच्या दक्षिण टोकापलीकडच्या लहानशा टापूवरून जातं. साओ तोमे आणि शेजारचं प्रिन्सिपे ही दोन्ही बेटं मिळून पंचवीसहून जास्त पक्षी असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

आता तो शंभर वर्षांचा खंड. न्यूटनने 1890 मध्ये मिळवलेल्या नमुन्यानंतर ग्रोसबीकची खात्रीची नोंद नव्हती. लिस्बनच्या संग्रहालयाला 1978 मध्ये आग लागली आणि तिथले नमुने जळाले. लंडनच्या संग्रहात गेलेला एक नमुना तेवढा राहिला. म्हणजे एका टप्प्यावर या पक्ष्याच्या अस्तित्वाचा हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे ड्रॉवरमधलं एक कातडं, बस्स. मग 1990 मध्ये त्याच बेटावरचा साओ तोमे खाटीक हा पक्षी सापडला, जो 1928 नंतर कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे नैऋत्येच्या जंगलाकडे पक्षीनिरीक्षक वळले, आणि 1991 च्या ऑगस्टमध्ये शुफेशुफे नदीच्या खोऱ्यात डेव्ह सार्जंट यांना ग्रोसबीक दिसला. एकशे एक वर्षांनी.

महाराष्ट्रात हे वाचताना रानपिंगळा हे छोटं घुबड आठवल्याशिवाय राहत नाही. 1884 मध्ये डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला नमुना हा शेवटचा, आणि मग थेट 1997 चा नोव्हेंबर, शहाद्याजवळ पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला. मधल्या काळात 1914 चा म्हणून एक नमुना सांगितला जायचा. तो संग्रहालयातूनच चोरून पुन्हा भरलेला जुना नमुना निघाला. त्या खोट्या नोंदीमुळे लोक वर्षानुवर्षं चुकीच्या जिल्ह्यात शोधत राहिले. माझी कारकीर्द रानपिंगळ्यावरच सुरू झाली, म्हणून ‘शंभर वर्षं दिसला नाही’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते: शोधला कुणी, कुठे, किती दिवस? शुफेशुफेच्या खोऱ्यात 1890 ते 1990 या काळात पाऊल टाकणारे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके होते. पक्षी गेला नव्हता, तिथे जाणारे नव्हते.

हे समजायला ती जागा कशी आहे ते सांगायला हवं. बेटाच्या नैऋत्येला वर्षाला 6000 ते 7000 मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत जून ते सप्टेंबर काढलेला माणूस हा आकडा ऐकून मान डोलावेल, पण आंबोलीला पुढचे सात-आठ महिने उघडीप असते. तिथे कोरड्या ऋतूतही, ज्याला ते ‘ग्रावाना’ म्हणतात, डोंगरावर ढग बसलेलाच असतो. आम्ही दक्षिणेकडच्या रिबेइरा पेइशीच्या बाजूने चढलो. पहिला दीड तास तेलमाडांच्या रांगांमधून, पायाखाली लाल चिखल. मग माड संपतात आणि जंगल एखाद्या भिंतीसारखं समोर उभं राहतं. आत शिरलं की अंधारतं. झाडांची खोडं शेवाळाने इतकी जाड झालेली की हात ठेवला तर बोटं आत जातात. ग्रोसबीक राहतो तीस-चाळीस मीटर वर, शेंड्यात, आणि तो फार बोलत नाही. हालचाल सावकाश. एका फांदीवर बसून फळ सोलत राहणारा पक्षी खालून दिसायला फार कठीण.

तिसऱ्या दिवशी वाटाड्याने हात वर करून थांबवलं. वरून फळाच्या सालीचा तुकडा पानांवर आदळत खाली आला, मग आणखी एक. आमच्या गटात मडगावची एक सहकारी होती, आजीकडून पोर्तुगीज शिकलेली. वाटाड्या कुजबुजत तिला सांगत होता आणि ती मला. मान मागे टाकून चाळीस मिनिटं उभी होते. दुर्बिणीच्या काचेवर थेंब, पुसायची, परत धुकं. शेवटी एका फटीत तपकिरी पोट आणि जाड चोच दिसली, दोन सेकंद. मी वहीत वेळ, उंची लिहिली आणि ‘ग्रोसबीक?’ असं लिहिलं. दहा मिनिटांनी तोच पक्षी खालच्या फांदीवर आला, शेजारी एक शिंजीर येऊन बसला, आणि मापाला माप मिळालं. तो प्रिन्सिपे सीडईटर होता. तोच तपकिरी रंग, तशीच ठेवण, आकार मात्र पुष्कळ लहान. खालून आभाळाच्या पार्श्वभूमीवर, शेजारी काही नसताना, आकार कळतच नाही. मी शब्द खोडला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या खोडलेल्या शब्दापासून सुरू होतं. जो पक्षी मोजका आहे, त्याच्या बाबतीत एक चुकीची नोंद फार महाग पडते. सातपुड्यात मी दोनशे सातभाई मोजले आणि त्यात पाच चुकले, तर कुणाचं बिघडत नाही. ग्रोसबीकच्या एका वर्षातल्या चार नोंदींपैकी दोन सीडईटरच्या असतील तर निष्कर्षच उलटा होतो. म्हणून या पक्ष्याच्या नोंदी स्वीकारताना हात आखडता घेतला जातो, आणि त्याची संख्या ‘मोजलेली’ नसते. ती बांधलेली असते. खात्रीच्या नोंदी कुठे झाल्या, तसं जंगल एकूण किती उरलं आहे, त्यात किती ठिकाणी पाहणी होऊनही पक्षी मिळाला नाही, या तिन्हींवरून एक खालची आणि एक वरची मर्यादा ठरते. ग्रोसबीकसाठी हे अंदाज पन्नासच्या आतपासून अडीचशेच्या आतपर्यंत फिरत राहिले आहेत, आणि हे आकडे प्रौढ, प्रजननक्षम पक्ष्यांचे. पिल्लं आणि अर्धवट वाढलेले पक्षी त्यात धरत नाहीत. वेगळी माहिती नसेल तर एकूण संख्येच्या दोन-तृतीयांश प्रौढ असं सर्वसाधारणपणे मानतात.

मग एवढा ढोबळ अंदाज चालतो कसा? आययूसीएनच्या निकषांची रचनाच तशी आहे. अतिसंकटग्रस्त ठरायला पाच दारं आहेत आणि त्यातलं कुठलंही एक पुरतं. पहिलं, गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, 80 टक्के घट. दुसरं, आढळक्षेत्र 100 चौरस किलोमीटरच्या आत किंवा प्रत्यक्ष वापरातली जागा 10 चौरस किलोमीटरच्या आत, आणि जोडीला तुकडे पडणं, घसरण सुरू असणं अशा अटी. तिसरं, प्रौढ 250 पेक्षा कमी आणि संख्या घटत असणं, शिवाय सगळे पक्षी जवळपास एकाच गटात असणं किंवा कुठल्याही एका गटात 50 पेक्षा जास्त नसणं. चौथं, प्रौढ 50 पेक्षा कमी, मग घट असो वा नसो. पाचवं गणिती प्रारूपाचं, जे इतक्या कमी माहितीवर कुणी वापरत नाही. ग्रोसबीकचा अंदाज 40 धरा, चौथ्या दारातून आत. 200 धरा, बेट एक, जंगल एक, जंगलावर ताण सुरूच, तिसऱ्या दारातून आत. अंदाज फार चुकला आणि प्रौढ 400 निघाले तर तो एक पायरी उतरून ‘संकटग्रस्त’ होईल. निश्चिंत व्हावं अशा रकान्यात तो कुठल्याही हिशोबाने जात नाही.

‘माहिती अपुरी’ असाही एक रकाना लाल यादीत आहे. तिथे का टाकलं नाही, असं पुष्कळ विद्यार्थी विचारतात. तो रकाना तेव्हाच वापरायचा जेव्हा उपलब्ध माहितीवरून पक्षी अतिसंकटग्रस्तही असू शकतो आणि अगदी सुरक्षितही असू शकतो. इथे वरची शक्यताच इतकी खाली आहे की तो प्रश्न येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ‘माहिती अपुरी’ हा रकाना अभ्यासकाला सोयीचा आणि पक्ष्याला घातक असतो. तिथे गेलेल्या जातीकडे निधी देणारे वळत नाहीत.

आता दुसरा प्रश्न, नामशेष का म्हणत नाहीत. 1991 नंतर तो पुन्हा पुन्हा दिसला आहे, त्याची छायाचित्रं आहेत, डीएनए मिळालं आहे, म्हणून आज तो प्रश्नच उरत नाही. पण समजा पुढची दहा वर्षं दिसला नाही, तर? नामशेष घोषित करायला शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि त्यासाठी योग्य जागी, योग्य ऋतूत, पुरेसा काळ शोध झालेला असावा लागतो. ‘पुरेसा’ किती, याचा एक साधा हिशोब गणनेचं काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ ठेवावा. शंभर ठिकाणी पाहणी केली आणि एकदाही पक्षी मिळाला नाही, तर तुम्ही 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणू शकता की एका ठिकाणी तो मिळण्याची शक्यता 3 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तीन भागिले पाहण्यांची संख्या. हजार ठिकाणी शून्य आलं तरी 0.3 टक्के उरतातच. आणि ही शक्यता ‘तिथे असणं’ गुणिले ‘असून दिसणं’ अशी असते. ग्रोसबीकसारखा पक्षी डोक्यावर बसलेला असूनही दहापैकी सात-आठ वेळा निसटत असेल, तर तुमच्या शंभर शून्यांची किंमत वीस-तीस शून्यांइतकीच.

उलट बाजूने, घाईने नामशेष म्हटलं की काय होतं ते सरळ आहे. संरक्षणाचं कारणच जातं. त्या खोऱ्यात रस्ता काढायला, माड लावायला हरकत घेणाऱ्याच्या हातातला कागद काढून घेतला जातो. शिल्लक राहिलेले पक्षी असतील तर ते मग खरोखर जातात. रानपिंगळ्याला 1950 किंवा 60 मध्ये कुणी नामशेष म्हणून शिक्का मारला असता आणि त्यावर जंगल खात्याने शहादा, तळोदा, मेळघाट इथल्या कामांचे निर्णय घेतले असते, तर 1997 मध्ये सापडायला काय उरलं असतं याचा विचार करा. रानपिंगळा नंतर मेळघाटात मिळाला, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही मिळाला, आणि 2018 मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त झाला. मला त्या वर्षी अभिनंदनाचे फोन आले. खरं तर रानपिंगळे वाढले म्हणून दर्जा बदलला असं नव्हतं. आपण जास्त ठिकाणी पाहिलं म्हणून बदलला. यादीतला शब्द हा पक्ष्याच्या तब्येतीइतकाच आपल्या पाहणीचाही अहवाल असतो, आणि तो बदलला की दोन्हींपैकी नेमकं काय बदललं ते विचारायचं असतं.

ग्रोसबीकच्या बाबतीत असा सुखद धक्का बसेल का? मला तशी फार आशा नाही, आणि त्याचं कारण बेटाच्या इतिहासात आहे.

पोर्तुगीज तिथे 1470 च्या सुमारास पोचले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. वटवाघळं आणि एक चिचुंद्री सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणीही नव्हते. झाडावर चढून अंडी खाणारा सस्तन प्राणी या पक्ष्यांच्या पूर्वजांनी लाखो वर्षांत पाहिलाच नव्हता. आज तिथल्या जंगलात काळा उंदीर आहे, मोना माकड आहे, आफ्रिकी सिव्हेट आहे, वीझल हा छोटा शिकारी प्राणीही आहे. हे सगळे माणसाबरोबर आलेले. काळा उंदीर झाडावर किती सहज चढतो हे कोकणात नारळाच्या बागा असणाऱ्या कुणालाही विचारा, शेंड्यातले कोवळे नारळ पोखरतो तो हाच. शेंड्यात घरटं बांधणाऱ्या, वर्षाला मोजकी पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्याला हा शत्रू किती जड जात असेल, ते समजायला आकड्यांची गरज नाही.

दुसरी गोष्ट जंगलाची. सोळाव्या शतकात ऊस आला, एकोणिसाव्यात कॉफी आणि कोको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे चिमुकलं बेट जगात सर्वाधिक कोको पिकवणाऱ्यांपैकी होतं, आणि ती शेती अंगोला आणि केप व्हर्देहून आणलेल्या सक्तीच्या मजुरांच्या पाठीवर उभी होती. मळ्यांच्या त्या वसाहतींना ‘रोसा’ म्हणतात. त्यांची मोठी दगडी घरं, इस्पितळं, मजुरांच्या चाळी आजही आहेत, काही ढासळलेल्या, काहींत लोक राहतात. गोव्यातून जाणाऱ्या माणसाला खिडक्यांच्या चौकटी, कौलं, चर्चची पांढरी भिंत ओळखीची वाटते. तिथल्या जेवणात नीरफणस रोजचा, आणि फणसाची झाडं तर रानात पसरलेली. फणस आपल्याकडून पोर्तुगीज जहाजांनी नेलेला. आपल्या परसातलं झाड तिथल्या मूळ झाडांची जागा घेत असलेलं बघून मला वाईट वाटलं.

कोकोसाठी उत्तर आणि पूर्वेचं सखल जंगल जवळजवळ सगळं गेलं. नैऋत्य उरली ती कुणाच्या दूरदृष्टीने नाही. उतार फार खडे, पाऊस फार, तिथे कोको लावून परवडेना. तिथल्या लोकांच्या बोलीत अशा अस्सल जंगलाला ‘ओबो’ म्हणतात. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर बरेच मळे ओसाड पडले आणि तिथे दुय्यम रान वाढलं. सीडईटर, शिंजीर, सुगरण यांनी ते रान आणि कोकोवरच्या सावलीची झाडंही आपलीशी केली. ग्रोसबीकने केली नाहीत. त्याच्या नोंदी जवळपास सगळ्या मोठ्या, जुन्या मूळ जंगलातल्या. म्हणूनच रानपिंगळ्यासारखा तो अचानक दुसऱ्या तालुक्यात सापडेल अशी शक्यता कमी. दुसरा तालुकाच नाही.

2006 मध्ये कायदा होऊन ओबो नैसर्गिक उद्यान झालं आणि शुफेशुफेचं खोरं त्यात आलं. हे मोठं काम आहे, यात शंका नाही. पण उद्यानाच्या कडेला काय चालतं तेही पाहायला हवं. 2010 च्या सुमारास दक्षिणेत तेलमाडाची मोठी लागवड पुन्हा सुरू झाली, ज्या रांगांमधून आम्ही चाललो त्या. माड जंगलाच्या कडेला भिडला की आत जायची वाट तयार होते. त्या वाटेने माडी काढणारे जातात, शिकारी जातात, लाकूडतोडे जातात. शिकारी ग्रोसबीकसाठी जात नाहीत, ते जातात रानकबुतरासाठी आणि माकडांसाठी. पण तिथला बुटका शराटी, तोही अतिसंकटग्रस्त, त्यांच्या बंदुकीसमोर येतो. हा शराटी, तो खाटीक आणि हा ग्रोसबीक, तिघेही त्याच खोऱ्यांत. शराटीच्या शास्त्रीय नावात बोकाझ आहेत आणि खाटकाच्या नावात न्यूटन. गंमत म्हणजे ग्रोसबीकच्या नावात कुणीच नाही, ‘एकरंगी’ एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या दशकात या तिघांसाठी मिळून काम झालं, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. ग्रोसबीकचा आकडा कळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर काहीच झालं नसतं. शराटी जमिनीवर चालतो, तो दिसतो, त्याची शिकार मोजता येते. त्याचं खोरं राखलं की वरच्या शेंड्यात कोण बसलंय ते न मोजताही राखलं जातं. मी सातपुड्यातल्या गावसभांमध्ये हेच शिकले. रानपिंगळ्याचा फोटो दाखवून कुणी साग तोडायचं थांबवत नाही. मोहाच्या आणि तेंदूच्या हिशोबात जंगल टिकलं तर पिंगळा टिकतो. साओ तोमेतही शिकाऱ्याशी, माडीवाल्याशी, वाटाड्याशी बोलणी झाली तिथेच काही हललं आहे. आमचा वाटाड्या तरुणपणी स्वतः कबुतरं मारायचा. आवाजावरून पक्षी ओळखण्यात आमच्या सगळ्या गटापेक्षा तो पुढे होता, आणि सीडईटर खाली उतरण्याआधीच त्याने नकारार्थी मान हलवली होती. मी ती पाहिली, पण मानली नाही.

तिसरा प्रश्न पिंजऱ्याचा. कॅनरी पिंजऱ्यात वाढते हे खरं, आणि आफ्रिकेतल्या काही जाती, उदाहरणार्थ पिवळ्या कपाळाची कॅनरी, जगभर विकल्या जातात. काही जातींना तोच व्यापार भोवतो. आपल्याकडे हिरव्या मुनियाचं तेच झालं, राजस्थान आणि मध्य भारतातून जाळी लावून नेलेली. ग्रोसबीकला मात्र पिंजऱ्याचा धोका नाही, कारण त्याला धरताच येत नाही, आणि नेमकी तीच अडचण पैदाशीच्या योजनेचीही आहे. चाळीस मीटरवर जाळं लावून, दीड-दोनशे पक्ष्यांतून निदान सात-आठ जोड्या तरी काढायच्या. नर-मादी वरून सारखे. तो काय काय खातो याची यादी अपुरी, त्याच्या प्रजननाबद्दल जवळजवळ काही नोंद नाही. आरंभीच्या प्रयोगात काही पक्षी मरतातच, सोप्या जातींतही मरतात. पाच हजारांतून वीस पक्षी उचलणं आणि दोनशेतून वीस उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पिल्लं वाढवली तरी ती सोडायची त्याच उंदीर-माकडांच्या जंगलात. घराची दुरुस्ती आधी, पाहुणे नंतर. पैदाशीची तयारी करायचीच असेल तर ती सीडईटरवर करावी, तो त्याचा सख्खा नातलग आहे, पुष्कळ आहे, आणि त्याला काय खाऊ घालावं, रोगाला कसं जपावं हे त्याच्यावर शिकता येईल. ही माझी सूचना आहे. सगळे सहकारी तिच्याशी सहमत नाहीत.

तुम्ही पुढे याच कामात येणार असाल आणि कधी तिथे जायला मिळालंच, तर जाण्याआधी महिनाभर सीडईटरचे सगळे आवाज ऐका, झोपेतही ओळखता येतील इतके. ग्रावानाच्या महिन्यांत, जून ते ऑगस्टमध्ये जा. स्थानिक वाटाड्या घ्या आणि तो मागेल ती मजुरी द्या. ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावू नका, इतक्या कमी संख्येच्या पक्ष्याला त्याच्या घरट्यापासून उगाच हलवण्यात काही मोठेपणा नाही. ज्या दिवशी काही मिळालं नाही त्या दिवसाचीही नोंद द्या: सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, चाललेलं अंतर, धुकं किती होतं. पक्षी दिसला तर शेजारी मापासाठी काही आहे का ते आधी पाहा, एखादं पान, एखादा दुसरा पक्षी, आणि मगच पेन उचला.